लष्करी ड्रोन: थेट कंत्राट की स्पर्धा?

अमेरिकी हवाई दलाने २०२० मध्ये रीपर ड्रोनसाठी जनरल अ‍ॅटॉमिक्स या कंपनीला ७.४ अब्ज डॉलरपर्यंतचं कंत्राट दिलं, तेही स्पर्धा न घेता. कायद्यात तशी सोय आहे. दुसरा पुरवठादार का चालणार नाही, हे लेखी पटवून द्यावं लागतं. विमान, जमिनीवरचा नियंत्रण कक्ष, सुटे भाग सगळं एकाच कंपनीचं, त्यामुळे वेळ वाचतो हे खरं. पण किमतीवर घासाघीस करायची ती कंपनीनेच मांडलेल्या हिशेबावर. सरकारची बाजू इथेच लंगडी पडते.

नौदलाच्या एमक्यू-२५ या, विमानांना हवेतच इंधन पुरवणाऱ्या ड्रोनसाठी मात्र चुरस झाली. २०१८ मध्ये लॉकहीड मार्टिन आणि जनरल अ‍ॅटॉमिक्सला मागे टाकून बोइंगने ८०.५ कोटी डॉलरचं काम मिळवलं. तरी प्रकल्प रखडलाच. असं असूनही नव्या ड्रोनसाठी मी स्पर्धेचाच आग्रह धरेन. जुन्या ताफ्याच्या सुट्या भागांसाठी नाही.