रशियाचा गोठवलेला पैसा: व्याज घ्यायचं, मुद्दल घ्यायचं की कर्ज काढायचं?

युक्रेनच्या पुनर्बांधणीला दहा वर्षांत सुमारे ५२४ अब्ज डॉलर लागतील, असा फेब्रुवारी २०२५ चा जागतिक बँक आणि सहकारी संस्थांचा अंदाज होता. आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी गोठवलेले रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे पैसे आहेत सुमारे ३०० अब्ज डॉलर. त्यातले १९० अब्ज युरोंच्या आसपास एकट्या युरोक्लिअरकडे, म्हणजे रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे, बेल्जियममधल्या ब्रसेल्समध्ये आहेत, म्हणून बेल्जियमच्या संमतीशिवाय मोठं काही हलत नाही.

फक्त व्याज घेणं कायद्याच्या दृष्टीनं सर्वांत सुरक्षित. रशियाच्या रोख्यांची मुदत संपली, पण निर्बंधांमुळे पैसे रशियाला देता येत नाहीत, म्हणून युरोक्लिअर ते युरोपीय मध्यवर्ती बँकेत ठेवते. या शिलकीवर रशियाला व्याज देणं लागत नाही, त्यामुळे कमाई युरोक्लिअरची. तिच्या निव्वळ नफ्यातले ९९.७ टक्के युरोपीय संघ घेतो. अडचण रकमेची आहे. २०२४ मध्ये करापूर्वीचं व्याज ६.९ अब्ज युरो होतं. नंतर युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवीवरचा दर ४ वरून २ टक्क्यांवर आला आणि कमाई ओसरली. शिवाय जी-७ देशांनी कबूल केलेलं ५० अब्ज डॉलरचं कर्ज याच व्याजातून फेडायचं आहे. हिशोब करताना तेच व्याज पुन्हा पुनर्बांधणीच्या नावावर मांडू नका.

मुद्दल जप्त केलं तर रक्कम खरोखर मोठी. पण परक्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या पैशाला सार्वभौम संरक्षण असतं, आणि प्रत्युत्तरादाखल केलेली कारवाई शक्यतो मागे घेता येण्याजोगी असावी लागते. जप्ती तशी नसते. इराकचे सुमारे १.७ अब्ज डॉलर अमेरिकेनं २००३ मध्ये ताब्यात घेतले, पण तेव्हा ती स्वतः त्या युद्धात होती. जप्ती झालेली नसतानाच डिसेंबर २०२५ मध्ये रशियाच्या बँकेनं मॉस्कोत युरोक्लिअरवर १८.२ लाख कोटी रुबलचा दावा लावला. युरोक्लिअरच्या ग्राहकांचे अब्जावधी युरो रशियात अडकलेत, ते वेगळेच.

तिसरा मार्ग भरपाई-कर्जाचा. युरोक्लिअरमधली रोकड युरोपीय संघाला उसनी, तीच पुढे युक्रेनला बिनव्याजी. रशियानं भरपाई दिली तरच परतफेड. रशियाचं येणं कागदावर शाबूत राहतं. मात्र निर्बंध अचानक उठले तर युरोक्लिअरला ताबडतोब पैसे द्यावे लागतील, म्हणून बेल्जियमनं इतर देशांची भक्कम हमी मागितली. ती जुळली नाही. डिसेंबर २०२५ च्या शिखर परिषदेत संघानं स्वतःच २०२६-२७ साठी ९० अब्ज युरो उभे करायचं ठरवलं. त्याआधी काही दिवस गोठवणूक बेमुदत झाली. दर सहा महिन्यांनी एकमतानं नूतनीकरणाची टांगती तलवार गेली.

आमचा कौल मुद्दल राखण्याच्या बाजूनं आहे. हे ९० अब्ज मुख्यतः सैन्य आणि चालू खर्चाला जाणार. मुद्दलही त्याच वाटेनं गेलं तर घरं आणि वीजकेंद्रं उभी करताना तिजोरी रिकामी असेल. हेगमध्ये १६ डिसेंबर २०२५ ला युक्रेनच्या नुकसानीचे दावे तपासणाऱ्या आयोगाच्या करारावर सह्या झाल्या आहेत. गोठवलेलं मुद्दल त्या दाव्यांशी जोडावं, आणि सोडायचं तर भरपाईच्या बदल्यातच. वेळ लागेल: कुवेतवरच्या आक्रमणाची ५२.४ अब्ज डॉलरची भरपाई इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून फिटायला २०२२ उजाडलं.