टेसेरॅक्ट सोर्सवरून कंपाईल करायचं की एपीटीनेच टाकायचं? मराठी ओसीआर करणाऱ्यांसाठी

जुनी मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, एखाद्या संस्थेचे जुने अहवाल असं काही स्कॅन करून त्यातून टेक्स्ट काढायचं म्हटलं की लिनक्सवर पहिलं नाव टेसेरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून टेक्स्ट देणाऱ्या प्रोग्रामचं निघतं, आणि ते निघालं की कोणीतरी हमखास सांगतं की एपीटीतलं (सिस्टीमच्या तयार पॅकेजांतलं) जुनं असतं रे, सोर्सवरून कंपाईल कर, म्हणजे मूळ कोड आणून प्रोग्राम स्वतः बनव, रिझल्ट एकदम वेगळा येतो. जुनं असतं हे काही डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या प्रकारांच्या) बाबतीत खरंच आहे. पण कंपाईल केल्याने रिझल्ट सुधारतो म्हणतात तेव्हा सुधारणेचं खरं कारण बहुतेक वेळा भलतंच असतं, आणि मग माणूस अख्खा रविवार घालवतो नि हातात आधी होतं तेच येतं. म्हणून दोन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघू, उबुंटू आणि डेबियन धरून.

माझं मत आधीच सांगते. कंपाईल करायला बसण्याआधी एवढंच बघा की तुम्हाला जे हवंय ते प्रोग्रामच्या कोडमध्ये आहे, भाषेच्या डेटा फाईलमध्ये आहे, की नुसत्या सेटिंगमध्ये. कोडमध्ये असेल तरच सोर्सकडे वळा, बाकी दोन्हींसाठी कंपाईलची गरज पडत नाही.

एपीटीचा रस्ता म्हणजे एक कमांड. सुडो एपीटी इन्स्टॉल, पुढे टेसेरॅक्ट-ओसीआर, आणि सोबत मराठीचं पॅकेज, ज्याच्या नावाच्या शेवटी एम-ए-आर असतं. इमेज उघडून वाचण्याचं काम करणारी लेप्टोनिका लायब्ररी आपोआप येते, इंग्रजीचा डेटा येतो, पान कुठल्या बाजूला फिरलंय हे ओळखणारा ओएसडी डेटा येतो. नको झालं तर एका कमांडने सगळं निघतं. आता व्हर्जनचं बघा. उबुंटू २०.०४ आणि २२.०४, आणि डेबियन ११, या सगळ्यांत ४.१.१ आहे. डेबियन १२ मध्ये ५.३.० आहे आणि उबुंटू २४.०४ मध्ये ५.३.४. म्हणजे मशीन २४.०४ वर असेल तर "जुनं असतं" हा मुद्दा जवळपास संपला.

२२.०४ वाल्यांसाठी मात्र ४ आणि ५ मधला फरक खरा आहे, आणि जुन्या मराठी छपाईत तो दिसतो, म्हणून इथे जरा थांबते. टेसेरॅक्ट मूळचं एचपी कंपनीचं, १९८५ च्या सुमारास सुरू झालेलं, २००५ मध्ये ओपन सोर्स झालं, मग गुगलने बरीच वर्षं त्यावर काम केलं. २०१८ च्या ४ व्या व्हर्जनमध्ये न्यूरल नेटवर्कवालं एलएसटीएम इंजिन आलं आणि देवनागरीसाठी खरी उडी तीच होती, ती तुमच्याकडे ४.१.१ मध्येही आहेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५.० आलं. त्यात हिशोब डबल प्रिसिजनऐवजी सिंगल प्रिसिजनमध्ये होतो म्हणून ते हलकं पडतं, पण आपल्या कामाची गोष्ट दुसरी आहे. पिवळं पडलेलं पान, मागच्या बाजूची शाई पुढे उतरलेली, बाईंडिंगच्या कडेला सावली, असं पान वाचण्याआधी प्रोग्राम त्याचं शुद्ध काळं-पांढरं करून घेतो. पूर्वी यासाठी फक्त ओत्सु पद्धत होती, म्हणजे अख्ख्या पानाला एकच मर्यादा, यापेक्षा गडद ते काळं आणि बाकी पांढरं. मग सावलीतल्या ओळी काळ्या गोळ्यात जातात, नाहीतर फिकट बाजूचे अनुस्वार आणि मात्रा गायब होतात. ५ मध्ये थ्रेशोल्डिंग मेथड नावाचं सेटिंग आलं, ० ठेवलं तर जुनी ओत्सु, १ म्हणजे पानाच्या भागाभागाप्रमाणे बदलणारी ओत्सु, आणि २ म्हणजे साउवोला, प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूचं बघून मर्यादा ठरवणारी पद्धत. डागाळलेल्या पानांवर २ वापरून बघाच. हे ४.१.१ मध्ये नाहीच, कारण हे कोडमध्ये आहे.

पण तरीही ५ हवंय म्हणून लगेच कंपाईल करायलाच पाहिजे असं नाही. ५ चा पीपीए (उबुंटूला जोडता येणारा बाहेरचा पॅकेज-साठा) आहे, तो जोडला की पुन्हा एपीटीनेच काम होतं. मिनीकोंडा हा वेगळा पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर त्याच्या कोंडा-फोर्ज साठ्यात टेसेरॅक्ट आहे आणि त्याला रूट (अ‍ॅडमिन) पासवर्डही लागत नाही. ज्यांना टर्मिनलच नको त्यांच्यासाठी फ्लॅटहब या अ‍ॅप स्टोअरवर जी-इमेज-रीडर आहे, त्याच्या आत स्वतःचं टेसेरॅक्ट असतं आणि भाषा खिडकीतूनच डाउनलोड करता येते. आणि पाच-दहा पानंच करायची असतील तर काहीच इन्स्टॉल करू नका, मराठी विकिस्रोतावर पान चढवून तिथल्या ओसीआरने काढा, तिथे गुगलचं आणि टेसेरॅक्टचं असे दोन्ही पर्याय मिळतात.

आता डेटा फाईल. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. एपीटीने येणारी मराठीची ट्रेनडडेटा फाईल ही फास्ट प्रकारातली असते, वेगासाठी आकडे पूर्णांकात बसवलेली. त्याच प्रोजेक्टने बेस्ट प्रकारातली फाईलही ठेवलीय, ती मोठी आहे, हळू चालते, आणि सहसा जास्त अचूक वाचते. लोक सोर्सवरून बिल्ड (म्हणजे कंपाईल) करतात तेव्हा डेटा वेगळा डाउनलोड करावा लागतो, आणि तेव्हा बेस्टवाली उचलतात, मग रिझल्ट सुधारला की श्रेय कंपाईलला देतात. तीच बेस्ट फाईल तुमच्या होममधल्या एखाद्या फोल्डरमध्ये ठेवा, एपीटीच्याच टेसेरॅक्टला टेसडेटा-डिर ऑप्शनने तो फोल्डर दाखवा, झालं. तुलना करताना पानही विचारपूर्वक निवडा, ज्यात वाऱ्यावर, पुढाऱ्यांनी, तळ्याकाठी, कुऱ्हाड असे शब्द आहेत असं पान घ्या, कारण ऱ्य, ऱ्ह आणि ळ नीट आले की नाही यावरून मराठीचं मॉडेल किती कामाचं ते पटकन कळतं. एकाच पानाचे दोन रिझल्ट काढून त्यांतला फरक दाखवणारी डिफ कमांड लावा.

ट्रेनिंगचंही तसंच. जुन्या खिळ्यांच्या छपाईतला अ, ल, श वेगळ्या वळणाचा असतो म्हणून बरेचजण मॉडेलला स्वतः शिकवायला बघतात, उत्तम विचार आहे, पण त्यासाठी सोर्सच लागतो हे खरं नाही. एलएसटीएमट्रेनिंग, कंबाईन-टेसडेटा, टेक्स्ट-टू-इमेज ही सगळी टूल्स डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्येच येतात. उलट सोर्सवरून केलंत तर साध्या मेकने (कोडमधून प्रोग्राम बनवणाऱ्या कमांडने) ती बनत नाहीत, मेक ट्रेनिंग आणि मग मेक ट्रेनिंग-इन्स्टॉल असं वेगळं करावं लागतं आणि त्याला पँगो, कैरो, आयसीयूच्या डेव्ह लायब्ररीज, म्हणजे कंपाईल करताना लागणाऱ्या फाईलींची पॅकेजं, लागतात. एवढं लक्षात ठेवा की फाईन-ट्यूनिंग, म्हणजे तयार मॉडेलला आणखी शिकवणं, बेस्टवाल्या फाईलवरच होतं, फास्टवर होत नाही.

वेगासाठी कंपाईल करणारेही भेटतात. टेसेरॅक्टच्या बाबतीत फायदा फार थोडा आहे, कारण एव्हीएक्स-२ वगैरे प्रोसेसरच्या सोयी तो चालू होतानाच ओळखतो, व्हर्जनची कमांड दिली की खाली "फाउंड एव्हीएक्स-२" असं दिसतं, पॅकेजमधलं असलं तरी. शेकडो पानं एकदम चालवताना वेग खातो तो ओपनएमपी, एकच काम अनेक थ्रेडमध्ये (समांतर तुकड्यांत) वाटणारी सोय, प्रत्येक पान अनेक थ्रेड मागतं आणि सगळी एकमेकांच्या वाटेत येतात. लोक यासाठी ओपनएमपी बंद करून बिल्ड करतात, पण टर्मिनलमध्ये ओएमपी-थ्रेड-लिमिट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं तरी तोच परिणाम मिळतो, मग जेवढे कोर तेवढी पानं समांतर सोडा.

एवढं सगळं चाळून झाल्यावरही कारण उरलं, तर सोर्सचा रस्ता असा. बिल्डची टूल्स आणि लेप्टोनिकाचं डेव्ह पॅकेज एपीटीने घ्या, गिटने कोड क्लोन करा, मुख्य ब्रँचवर (रोज बदलणाऱ्या ताज्या कोडवर) न राहता ठराविक व्हर्जनच्या टॅगवर जा, मग ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल आणि शेवटी नव्या लायब्ररीची सिस्टीमला ओळख करून देणारं एलडीकॉन्फिग. चार कोरच्या साध्या लॅपटॉपवर मेक काही मिनिटांत होतं, फक्त मेकच्या जे ऑप्शनला आकडा द्या, नुसतं जे दिलं तर तो जमेल तेवढी कामं एकदम उघडतो आणि ४ जीबी रॅमवालं मशीन गुदमरतं. कॉन्फिगर शेवटी काय म्हणतोय ते वाचा, पँगो किंवा कैरो सापडलं नाही तर ट्रेनिंग टूल्स बनणार नाहीत हे तो तिथेच सांगतो आणि पुढे निघून जातो, थांबत नाही.

पहिल्यांदा चालवल्यावर ज्या अडचणी येतात त्या ठरलेल्या आहेत. लिबटेसेरॅक्ट-डॉट-एसओ-डॉट-५ उघडता येत नाही असा एरर आला तर एलडीकॉन्फिग राहिलंय. इंग्रजीचा डेटा सापडत नाही, एकही भाषा लोड झाली नाही असं आलं तर घाबरायचं कारण नाही, सोर्समध्ये भाषांचा डेटा नसतोच, मराठी, इंग्रजी आणि ओएसडी या तीन फाईली युएसआर-लोकलच्या शेअरमधल्या टेसडेटा फोल्डरमध्ये स्वतः ठेवायच्या. लेप्टोनिकासुद्धा स्वतः बिल्ड केली असेल आणि पीएनजी उघडताना "फंक्शन नॉट प्रेझेंट" दिसलं तर पीएनजी, जेपेग, टिफच्या डेव्ह लायब्ररीज नसताना ती बिल्ड झालीय, त्या टाकून लेप्टोनिका पुन्हा करा. लेप्टोनिका स्वतः बिल्ड करायचं मला तरी काही कारण दिसत नाही, एपीटीतली पुरते.

सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे एकाच मशीनवर दोन टेसेरॅक्ट. एपीटीवालं युएसआर-बिनमध्ये, तुमचं युएसआर-लोकल-बिनमध्ये, टर्मिनल सहसा लोकलवालं आधी उचलतं पण त्याचा डेटा फोल्डर वेगळा, त्यामुळे काल एपीटीने टाकलेली मराठी आज "नाही" म्हणतो. व्हिच कमांडला ए ऑप्शन देऊन दोन्ही आहेत का बघा. यातून सुटायचं तर कॉन्फिगरला प्रीफिक्स (कुठे इन्स्टॉल करायचं ती जागा) म्हणून होममधला फोल्डर द्या, उदाहरणार्थ ऑप्ट नावाचा, तिथे सुडो लागत नाही, सिस्टीमला हात लागत नाही, आणि काढायचं तर तो फोल्डर उडवला की संपलं. मेक अनइन्स्टॉल आहे, पण त्यासाठी तोच बिल्ड केलेला फोल्डर जपून ठेवायला लागतो आणि तो सहा महिन्यांनी कोणाकडेच सापडत नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर सोर्स आहे म्हणजे आपोआप भरवशाचं असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा (चोरून शिरण्याची वाट) सापडला, आणि तो चालू करणारा तुकडा रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडला ठेवलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात होता, गिटवरच्या कोडमध्ये तो नव्हता. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला लॉगिन किंचित हळू होतंय हे खटकलं म्हणून ते उघड झालं. डेबियनच्या टेस्टिंग-अनस्टेबल या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत ते पोहोचलं होतं, स्टेबलमध्ये नव्हतं. म्हणजे स्टेबल डिस्ट्रोतलं जुनेपण इथे कामी आलं. दुसऱ्या बाजूला हेही खरं की उबुंटूत टेसेरॅक्ट युनिव्हर्स या समुदायाने सांभाळलेल्या विभागात येतं, त्याचे अपडेट मुख्य विभागाइतके नेमाने येतील असं धरून चालू नका. पण स्वतः बिल्ड केलेल्याला तर कोणीच अपडेट देणार नाही, ते तुम्ही लक्षात ठेवून करायचं. अनोळखी लोक पीडीएफ-इमेज चढवतात अशा सर्व्हरवर हे ओझं घेऊ नका, तिथे पॅकेजच बरं.

मग सोर्स नक्की कोणासाठी? ज्या कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर तुम्हाला रूट नाही आणि कोंडाही चालत नाही त्यांच्यासाठी, पण तिथे डेव्ह पॅकेजं आधीपासून असावी लागतात. एखादी दुरुस्ती गिटवर आलीय पण रिलीजमध्ये नाही, आणि तीच तुम्हाला अडतेय, तर तुमच्यासाठी. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, ज्यांना मराठी पानावर काहीतरी ठराविक चुकतंय असं दिसलंय आणि ते कळवायचंय त्यांच्यासाठी. देवनागरीचे प्रश्न देवनागरी वाचणाऱ्यांनी मांडले नाहीत तर कोण मांडणार? अशा वेळी इन्स्टॉलसुद्धा करायला लागत नाही, मेक झालं की त्याच फोल्डरमधून टेसेरॅक्ट थेट चालतं, आधी ताज्या कोडवर तीच चूक येते का बघा, मग जुन्या टॅगवर, आणि येत असेल तर पानाचा तेवढाच तुकडा कापून, दोन्ही व्हर्जनचे नंबर, कुठली डेटा फाईल आणि पूर्ण कमांड लिहून गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या इश्यूमध्ये (तक्रारींच्या यादीत) टाका.