ढग, वाळू आणि नवी बटणं : आठ महिने वापरल्यानंतर

आम्ही उपग्रह प्रतिमांसाठी जो प्लॅटफॉर्म वापरतो, त्यात आठ महिन्यांपूर्वी एकदम पाच-सहा नव्या सोयी आल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच सोयी थोड्याफार फरकाने आता बऱ्याच ठिकाणी येताहेत. माझं काम तलाव, नदीपात्रं आणि शेतजमिनींवर लक्ष ठेवण्याचं आहे. बहुतेक सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या इमेज, जुना इतिहास लागला तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या.

सगळ्यात गाजावाजा झाला तो साध्या भाषेत प्रश्न विचारण्याच्या सोयीचा. 'या तलावाच्या गेल्या उन्हाळ्यातल्या, १० टक्क्यांहून कमी ढग असलेल्या इमेज दाखव' असं लिहायचं आणि यादी समोर येते. पहिला आठवडा मजा वाटली. मग लक्षात आलं की हे १० टक्के अख्ख्या टाइलचे, म्हणजे इमेज ज्या चौकोनी तुकड्यांत मिळते त्या तुकड्याचे आहेत. सेंटिनेल-२ची टाइल सुमारे ११० किलोमीटर बाजूची असते आणि माझा तलाव तिच्या एका कोपऱ्यात. टाइलवर ८ टक्के ढग, आणि तेवढे नेमके माझ्याच तलावावर, असं कितीदा तरी झालं. उलट ६० टक्के ढग म्हणून वगळलेल्या इमेजमध्ये तलाव लख्ख दिसत होता. ज्या सोयीची कोणी जाहिरात केली नाही ती इथे कामाला आली : आपण नकाशावर आखलेल्या हद्दीपुरतं (पॉलिगॉनपुरतं) ढगांचं प्रमाण काढणं. हे सुरू केल्यापासून हाताशी येणाऱ्या तारखा चांगल्याच वाढल्या. प्रश्न विचारायची चौकट आता मी क्वचितच उघडतो.

ढगांचा नवा मास्क, म्हणजे ढगाळ पिक्सेल ओळखून वगळणारी सोय, जुन्यापेक्षा खूप चांगला आहे, हे आधी कबूल करतो. पातळ ढग आणि ढगांच्या सावल्या तो बऱ्यापैकी पकडतो. पण वाळूने त्याची परीक्षा घेतली. नदीपात्रातल्या एका पट्ट्याची टाइम सिरीज (तारखेगणिक बदल दाखवणारा आलेख) लावली होती. पाऊस संपल्यावर ओली वाळू नीट दिसायची, आणि पात्र सुकायला लागलं की आलेखावरचे ठिपके गायब. वाळूचा उपसा जेव्हा जोरात असतो, नेमकी तेव्हाच पोकळी! कोरडी वाळू उन्हात इतकी चमकते की मास्क तिला ढग समजत होता. पांढऱ्या पत्र्याच्या छपरांचंही तेच. मूळ इमेज उघडून पाहिल्यावर शंका राहत नाही. ढगाला सावली असते. शिवाय सेंटिनेल-२चे बँड (वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशाच्या नोंदी) अगदी एकाच क्षणी टिपले जात नाहीत, त्यामुळे उंचावरच्या, सरकत्या ढगाच्या कडेला रंगीत झालर दिसते. वाळूला ना सावली, ना झालर. आणि एकच पिक्सेल तारखेमागून तारीख 'ढग' निघत असेल, तर तो ढग नव्हे. आता मास्कची मर्यादा सरकपट्टीने बदलता येते. पात्रासाठी ती वेगळी, शेतांसाठी वेगळी ठेवतो.

जमिनीवर बदल दिसला की आपोआप येणाऱ्या सूचनांनी मात्र एकदा घाम फोडला. एका सकाळी स्क्रीनभर लाल : एका अख्ख्या गटातली हिरवाई घटल्याची सूचना. एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) ०.७५ वरून थेट ०.५०. इतकं पीक एकाच वेळी जळत नाही, रोग पडला तरी नाही. या सोयींमधलं माझं सगळ्यात आवडतं बटण इथे उपयोगी पडलं. पिक्सेलवर क्लिक केलं की तो कुठल्या इमेजमधून आला, कुठल्या प्रक्रियेतून गेला, हे ओळीने दिसतं. तुलनेतल्या डावीकडच्या, आधीच्या इमेजची प्रक्रिया-आवृत्ती ०३.०१, उजवीकडच्या, नंतरच्या इमेजची ०४.००. म्हणजे २५ जानेवारी २०२२चा जुनाच घोळ. त्या दिवसापासून सेंटिनेल-२च्या आकड्यांत १००० मिळवले जातात आणि परावर्तन (जमिनीने किती प्रकाश परत फेकला ते) काढताना ते वजा करावे लागतात. वजा केले नाहीत तर लाल बँडचे ५०० होतात १५००, जवळच्या अवरक्त बँडचे ३५०० होतात ४५००, आणि ०.७५ चे ०.५० होतात. प्लॅटफॉर्मचा स्वतःचा संग्रह हे आपोआप सांभाळतो. चूक आमची होती : जुन्या हार्ड डिस्कवरच्या इमेज आम्हीच चढवल्या होत्या. पण ते बटण नसतं तर दोन दिवस पिकाच्या मागे धावलो असतो.

१० मीटरची (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) इमेज 'धारदार' करून देणारं बटण एकदा दाबलं, पुन्हा नाही. त्याने दोन शेतांच्या मध्ये इतका सुंदर बांध काढून दिला की काय सांगू. जागेवर बांधच नव्हता. अहवालाच्या मुखपृष्ठाला हरकत नाही, मोजणीला ती इमेज घेऊ नका.

सेंटिनेल-१ या वेगळ्या उपग्रहाचं रडार आता एका क्लिकवर मिळतं. ढगांतून आरपार दिसतं, पुराच्या दिवसांत दुसरा आधार नाही. फक्त उपग्रह उत्तरेकडे जाताना आणि दक्षिणेकडे येताना टिपलेल्या इमेज एकमेकींशी ताडून पाहू नका. डोंगराची रडार-सावली, जी पाण्यासारखीच काळी दिसते, बाजू बदलते आणि सूचनायंत्र तिथे 'नवं पाणी' दाखवतं. आमच्याकडे एका टेकडीवर असा तलाव उगवला होता.

क्षेत्रफळ मोजताना प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) तपासा, एवढं जाता जाता. वेब मर्केटर प्रक्षेपणात ६० अंश अक्षांशावरचं क्षेत्र खऱ्याच्या चौपट भरतं, आणि मोजपट्टीचं नवं साधन सुरुवातीला तेच प्रक्षेपण धरून बसलेलं असतं.

तक्रार म्हणाल तर क्रेडिटची, म्हणजे वापराप्रमाणे कापल्या जाणाऱ्या एककांची. सूचना एकदा लावली की नवी इमेज आली न आली, ती रोज तपासणी करते आणि क्रेडिट खर्ची घालते. सेंटिनेल-२ एका जागी साधारण ५ दिवसांनी येतो, मग रोज कशाला? हे लिहून पाठवलं, उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' तोवर सूचना बंद ठेवून इमेज आली की हाताने चालवतो. वर्गणी पुढच्या वर्षासाठीही भरली आहे, मोठा प्लॅन सोडून लहान घेतला. पॉलिगॉनपुरते ढग आणि पिक्सेलचा उगम, दोन्ही त्यातही आहेत.