टोकाच्या मेट्रो स्टेशनला गाडी लावताय? पिन टाकण्याआधी नाव वाचा

सकाळी पावणेनऊला पे अँड पार्कच्या तोंडाशी दहा-बारा दुचाक्यांची रांग असते. मागचा हॉर्न वाजवतोय, मेट्रो सुटेल म्हणून जो तो घाईत. अशा वेळी खऱ्या क्यूआरवर कुणी दुसरा क्यूआर चिकटवलाय हे कोण बघणार? पुण्यात वनाझ, रामवाडी, पीसीएमसी अशा टोकांपर्यंत स्वतःच्या गाडीने येऊन पुढे मेट्रो धरणारे खूप आहेत. ही फसवणूक कुठल्याही पे अँड पार्कवर होऊ शकते, म्हणून ती कशी होते ते नीट सांगतो.

ठेकेदाराचा क्यूआर सहसा खांबावर किंवा केबिनच्या काचेवर लॅमिनेट करून लावलेला असतो. भामटा त्याच मापाचा स्टिकर छापून आणतो, वर यूपीआयचं चिन्ह आणि खाली 'पार्किंग' एवढंच, आणि कुणी नसताना तो वरून डकवून जातो. तुम्ही स्कॅन करता, वीस रुपये टाकता, पिन मारता. मोबाइलवर हिरवी खूण येते, गर्दीत पार्किंगवालाही ती बघून आत सोडतो. संध्याकाळी हिशेब लागत नाही आणि तो म्हणतो, "पैसे आलेच नाहीत." तो खोटं बोलत नसतो आणि तुम्हीही नाही. पैसे तिसऱ्याच्याच खात्यात गेलेले असतात आणि गाडी काढायला तुम्हाला परत मोजावे लागतात.

स्टिकर ओळखायचा तर कोपऱ्यावरून नख फिरवा. खरा कागद लॅमिनेशनच्या आत असतो, डकवलेला वर असतो. नखाला कड लागते, कधी खाली हवेचे फुगे दिसतात. पण खरी तपासणी मोबाइलवर करायची. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपमध्ये बँक खात्यावरचं खरं नाव दिसायला हवं, असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचा नियम आहे. पिन टाकण्याआधी ते नाव वाचा आणि पावतीवरच्या किंवा दरफलकावरच्या ठेकेदाराच्या नावाशी ताडून बघा. वेगळंच नाव आलं तर थांबा आणि विचारा, "पैसे कुणाच्या नावावर जातात?" छोट्या ठेकेदाराचं खातं घरच्या कुणाच्या नावावर असूही शकतं, पण तिथल्या माणसाला ते नाव माहीत असतं. केबिनमधला स्पीकर रक्कम बोलला नाही तर जागा सोडू नका. नेटवर्कमुळेही तो गप्प राहतो, म्हणून व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक दाखवून जमा झाल्याची खात्री करून घ्या.

"मशीन बंद आहे, माझ्या नंबरवर टाका," असं कुणी म्हणालं तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, आत आल्याची वेळ, दर आणि अनुक्रमांक हवाच. लोक वेळेकडे बघत नाहीत आणि तिथेच मार खातात. दर तासावर असेल आणि वेळ कोरी असेल, तर संध्याकाळी आठ तासांचे अकरा होतात. पावती हातात पडताच तिचा फोटो काढा. थर्मल कागद उन्हात तापलेल्या डिकीत पुसट होतो नाहीतर काळवंडतो, आणि मग 'पावती हरवली' म्हणून वेगळा दंड मागतात.

"आत फुल्ल झालंय, इकडे लावा," असं म्हणणारा जॅकेटवाला कुंपणाबाहेर उभा असेल, तर त्याच्याकडे पावतीपुस्तक असलं तरी गाडी लावू नका. ती जागा रस्त्याची असते. टोइंगची गाडी येते तेव्हा त्याचा पत्ता नसतो, आणि दंड तुमच्या नावावर पडतो. चावी मागितली तर मुळीच देऊ नका.

वीस रुपयांपेक्षा मोठा फटका पुढेच बसतो. माणूस चिडतो, नेटवर 'पार्किंग तक्रार नंबर' शोधतो आणि भलत्याच 'कस्टमर केअर'ला फोन लावतो. पलीकडचा गोड बोलून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगतो किंवा "रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. असा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. गाडीच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे फोनवर थेट ॲप बसवणाऱ्या फाइलचंही तेच. ती टाकली की मेसेज वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पळवते. टाकून बसला असाल तर लगेच इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. संदर्भ क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले गेले तरच परत मिळण्याची आशा असते. पिन तुम्ही स्वतः टाकलेला असल्यामुळे बँक सहजासहजी भरपाई देत नाही, म्हणून वीस रुपयांसाठी कशाला, असं म्हणू नका. त्याच स्टिकरवर दिवसभरात शेकडो लोक पैसे टाकत असतात.

स्टिकर सापडला तर रागाने फाडू नका. आजूबाजूच्या फलकासकट त्याचा फोटो घ्या, केबिनमधल्या माणसाला दाखवा, आणि पोलीस येईपर्यंत त्यावर कागद चिकटवून ठेवायला सांगा.