मंगळाची धूळ अवरक्तात अभ्यासायची, तर टेस की एमसीएस?

मंगळाच्या वातावरणातल्या धुळीवर प्रकल्प करायचा, तर डेटा कोणत्या उपकरणाचा घ्यायचा? मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरचं टेस (थर्मल एमिशन स्पेक्ट्रोमीटर) आणि मार्स रिकनसन्स ऑर्बिटर यानावरचं एमसीएस (मार्स क्लायमेट साउंडर) ही दोन्ही नासाची उपकरणं, आणि दोन्हींचा डेटा कुणालाही मोफत मिळतो. एमसीएस नवं, म्हणून अनेकांचा ओढा तिकडे असतो. मला विचाराल तर आधी प्रश्न पक्का करा: धूळ किती आहे हे हवंय, की ती कुठल्या उंचीवर आहे हे?

टेस सरळ खाली बघायचं. तापलेल्या जमिनीतून निघालेलं अवरक्त, म्हणजे उष्णतेचं, प्रारण वर येताना धूळ त्यातला ९ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा भाग शोषून घेते. वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार प्रारणाच्या आलेखात, तिथे खळगा पडतो. धूळ जास्त, तर खळगा खोल. बर्फाच्या ढगांचा खळगा १२ मायक्रॉनपाशी आणि कार्बन डायऑक्साइडचा १५ पाशी असतो, म्हणून तिघांची गल्लत होत नाही. मात्र जमीन आणि हवा यांच्या तापमानात फरक लागतो. रात्री किंवा ध्रुवांजवळ हे गणित डळमळतं.

एमसीएस २००६पासून ग्रहाच्या कडेकडे तिरकं बघतं आणि सुमारे ८० किलोमीटरपर्यंत, साधारण पाच-पाच किलोमीटरच्या बारकाईने, धुळीचं उभं चित्र देतं. रात्री आणि ध्रुवांवरही. धूळ वर जाताना नुसती विरळ होत जाते हा समज त्यानेच मोडला. कित्येकदा १५ ते २५ किलोमीटरवर, हवेच्या प्रमाणात, खालच्यापेक्षा जास्त धूळ सापडते. ही धूळ सूर्यप्रकाश शोषून तिथलीच हवा तापवते आणि वारे बदलतात, म्हणून उंचीला एवढं महत्त्व. पण तिरकी नजर धुळीतून फार लांब जाते. २०१८सारख्या जागतिक, म्हणजे मंगळभर पसरलेल्या, धुळीच्या वादळात खालचे थर तिला दिसेनासे होतात, नेमके तेव्हाच ते हवे असतात.

पहिलाच प्रकल्प असेल तर टेस घ्या, आणि त्यातही २००१चं जागतिक वादळ. वर्णपट स्वतः वाचायची सवय तिथे लागते. एमसीएस अखंड वर्णपट न देता तरंगलांबीच्या नऊच रुंद पट्ट्यांत मोजतं, तिथे ती लागणार नाही. तापमान किंवा वाऱ्यांवर काम असेल तर मात्र एमसीएसच.

दोन्हींचे आकडे सरळ जोडून दीर्घकालीन आलेख काढू नका. एमसीएस धूळ मुख्यतः २२ मायक्रॉनजवळ मोजतं, त्यामुळे आधी रूपांतर करावं लागतं. संशोधक लुका मोंताबोने आणि सहकाऱ्यांच्या धूळ-नकाशांत ते केलेलं आहे, तेच वापरा. आणि दिवसभरातला बदल हवा असेल, तर दोन्ही सोडून अमिरातीच्या होप यानावरचं एमिर्स हे अवरक्त उपकरण बघा. टेसच्या वेळा दुपारी-रात्री दोनच्या, एमसीएसच्या तीनच्या आसपास अडकलेल्या. एमिर्स २०२१पासून वेगवेगळ्या स्थानिक वेळी मोजतं.