झेब्रा हॉवर्थिया: रोप उत्तम, पण कुंडीला भोक नाही (पावसाळ्यानंतरचा अनुभव)

झेब्रा हॉवर्थिया हे पांढऱ्या पट्ट्यांच्या जाड पानांचे छोटे रोप दिसते कसे, किती कमी पाण्यावर राहते आणि टेबलावर किती जागा घेते, हे वाचकांना ठाऊक असेलच. हा अभिप्राय मुख्यतः त्याच्यासोबत आलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीविषयी आहे. तो लिहायला बसण्याचे तात्कालिक कारण म्हणजे रोप सडल्याच्या माझ्या तक्रारीला विक्रेत्याने ऑगस्टमध्ये धाडलेले एका ओळीचे उत्तर: ‘आपण पाणी जास्त घातले असावे.’

हे रोप मी हिवाळ्याच्या अखेरीस ऑनलाइन मागवले. कुंडीसह किंमत 349 रुपये. पुण्यात सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांत असेच रोप काळ्या पिशवीत याहून पुष्कळ स्वस्त मिळते. म्हणजे उरलेले सगळे पैसे आपण कुंडीचे मोजतो, आणि त्या कुंडीच्या तळाला भोकच नाही. सोबतच्या कार्डावर याचे समर्थनही छापलेले आहे: तळाशी खडे घातलेले असल्यामुळे पाण्याचा निचरा आपोआप होतो.

हे विधान चुकीचे आहे. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. माती ते धरून ठेवते, आणि तिचा तळचा थर पूर्ण भिजून ओथंबल्याशिवाय पाण्याचा थेंब खड्यांकडे सरकत नाही. खड्यांमुळे ओल कमी होत नाही, ती फक्त वर सरकून मुळांच्या अधिक जवळ येते. आणि खड्यांपर्यंत पोहोचलेले पाणी तरी पुढे कोठे जाणार? कुंडीला दार नसेल तर निचरा या शब्दाला अर्थ उरत नाही.

उन्हाळा मात्र निर्विघ्न गेला, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. मार्च ते मे पुण्याची हवा इतकी कोरडी असते की भोक नसल्याचा दोष झाकला जातो. पूर्वेच्या खिडकीत सकाळचे कोवळे ऊन मिळत असल्याने पानांचा हिरवा रंग टिकला. गॅलरीत दुपारच्या उन्हात ठेवल्यावर तीच पाने तांबूस झाली आणि आत आणल्यावर हळूहळू पूर्ववत झाली. मेमध्ये एक लांब, काडीसारखा दांडा वर आला आणि त्यावर हिरवट रेषांची छोटी पांढरी फुले उमलली. त्या सुमारास हा अभिप्राय लिहिला असता, तर कुंडीचा उल्लेख कदाचित शेवटच्या वाक्यात आला असता.

जून उजाडला, पावसाची झड लागली आणि सगळे फिरले. आठवड्यातून एकदा दोन चमचे पाणी, या कार्डावरच्या सूचनेत ऋतूचा उल्लेख नाही. एप्रिलमध्ये दोन चमचे पाणी वरच्या थरातच सुकते आणि मुळांपर्यंत पोहोचत नाही. जुलैमध्ये तेच दोन चमचे साठत जातात. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचे जड पाणी येते, त्यातले क्षार वाहून जायला वाट नसल्याने कुंडीच्या आतल्या काठावर पांढरी पुटे चढली होती. जुलैअखेर मातीभोवती काळी चिलटे घोंघावू लागली. पाठोपाठ खालची पाने पाणीदार, अर्धपारदर्शक आणि तपकिरी होत गेली, आणि रोपाला बोट लावले तर ते जागच्या जागी गोल फिरू लागले. मुळांची पकड सुटली की असेच होते.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगतो. पोहोचल्यापासून सात दिवसांच्या आत छायाचित्र पाठवल्यासच रोप बदलून मिळते, आणि कुंडी ‘फुटलेली नसल्यामुळे’ सदोष धरली जात नाही. भोक नसणे हाच दोष आहे, असे मी तीनदा तीन प्रकारे लिहिले. उत्तरादाखल मला पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले.

येथवरचे माझे मत सरळ होते: रोप सडले ते कुंडीमुळे. परंतु रोप उपटून पाहिल्यावर ते मत थोडे बदलावे लागले. मुळांभोवतीचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा एका पातळ जाळीच्या पिशवीत आवळलेला होता, आणि बाहेरचा भाग हाताला कोरडा लागत असताना आतला गाभा पिळला तर पाणी निघेल इतका ओला होता. रोपवाटिकेसाठी कोकोपीट सोयीचे असते, कारण ते हलके असते आणि वाहतुकीत ओल टिकवते. दक्षिण आफ्रिकेच्या खडकाळ, झुडपी प्रदेशातून आलेल्या या वनस्पतीला मात्र नेमका तोच गुण बाधतो. तेव्हा दोषाचा निम्मा वाटा त्या जाळीत आवळलेल्या कोकोपीटचा. उरलेला निम्मा वाटा भोकाचाच, कारण भोक असते तर त्या गाभ्याला खालून निदान हवा तरी लागली असती.

दुरुस्ती फारशी कठीण निघाली नाही. स्पिरिटने पुसलेल्या चाकूने आतला भाग पांढरा आणि घट्ट दिसेपर्यंत सडका बुंधा कापत गेलो, आणि शाबूत राहिलेला शेंडा व बाजूने फुटलेली दोन पिल्ले (छोटी रोपे) सावलीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवली. जखम सुकून तिच्यावर खपली धरली पाहिजे. ऑगस्टच्या दमट हवेत त्याला अपेक्षेहून बराच वेळ लागतो आणि मधेच लावण्याचा मोह आवरावा लागतो. मिश्रणासाठी विटांचे ज्वारीएवढे तुकडे, जाड वाळू आणि थोडे गांडूळखत घेतले. विटांचा चुरा चाळून त्यातली भुकटी काढून टाकणे आवश्यक आहे, नाहीतर ती पोकळ्या भरून टाकते आणि पुन्हा चिखलच होतो. (चाळणी स्वयंपाकघरातली घेऊ नये. त्यावरून आमच्या घरी झालेली चर्चा येथे देण्यासारखी नाही.) पिल्ले केशवनगरच्या कुंभारवाड्यातून आणलेल्या मातीच्या छोट्या कुंड्यांत लावली. त्या स्वस्त तर आहेतच, शिवाय त्यांच्या भिंतींमधूनही ओल बाहेर पडते, आणि प्रत्येकीला तळाशी भोक आहे.

पाणी आता वार पाहून घालत नाही. उदबत्ती जळून गेल्यावर उरलेली काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचतो आणि मिनिटभराने काढतो. तिला ओलसर कण चिकटले असतील तर थांबतो, कोरडी निघाली तर खालून पाणी वाहीपर्यंत भरपूर घालतो. सप्टेंबरअखेर शेंड्याला हलके ओढून पाहिले तेव्हा त्याने प्रतिकार केला, म्हणजे मुळे धरली होती. पावसाळ्यात जवळजवळ मेलेले रोप दिवाळीत मधून नवी पाने काढते, याबद्दल या जातीला पूर्ण गुण द्यावे लागतील.

कार्डावरच्या आणखी दोन दाव्यांचा उल्लेख करून टाकतो. रोपाचे नाव फॅसिएटा छापले आहे, प्रत्यक्षात ते अटेन्युएटा, म्हणजे तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, निघाले. पानाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवल्यास पांढरे उंचवटे खरखरीत लागतात, आणि फॅसिएटाची ती बाजू गुळगुळीत असते. बाजारात ही अदलाबदल इतकी सर्रास होते की त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. दुसरा दावा असा की हे रोप रात्री ऑक्सिजन सोडते. त्याची पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) रात्री उघडतात आणि ते तेव्हा कार्बन डायऑक्साइड घेते, हे खरे. पण ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतो, आणि एवढ्याशा रोपाने शयनगृहाच्या हवेत फरक पडेल ही आशा व्यर्थ आहे.

ती पांढरी कुंडी टाकून द्यायला मन होईना, कारण तिचे पैसे मोजले आहेत. बोहरी आळीतून काचेला भोक पाडण्याचे टोकदार बिट आणले आणि सोसायटीत फरशा बसवणाऱ्या कारागिराकडून काम करून घेतले. त्याने कुंडी उपडी ठेवली, तळावर चिकटपट्टीची फुली मारली, ड्रिलची ठोके मारण्याची सोय बंद केली आणि पाण्याचे थेंब सोडत सावकाश भोक पाडले. तडा गेला नाही. बिट आणि मजुरी मिळून खर्च 130 रुपये झाला. हिशेब विक्रेत्याला कळवला, त्याचे उत्तर आले नाही. मात्र तीच कुंडी आता त्यांच्या यादीत ‘ड्रेनेज होलसह, सुधारित आवृत्ती’ म्हणून 429 रुपयांना दिसते, आणि माझे दहा टक्क्यांचे कूपन तिला लागू होत नाही.