एका गृहकर्जाच्या चार नोंदी : क्रेडिट अहवाल आणि तक्रार-सेवेचा अनुभव

२०२५ च्या जून महिन्यात मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून मी बेळगावातील एका बँकेत अर्ज केला आणि माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, ६८४ असल्याचे कारण देऊन तो अर्ज परत करण्यात आला. त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेने माझा स्कोअर ७७१ असल्याचे सांगून कागदपत्रे ठेवून घेतली. माणूस तोच, पॅन तोच, आणि बारा वर्षांत गृहकर्जाचा एकही हप्ता चुकलेला नसताना दोन आकड्यांत ८७ गुणांचे अंतर कसे पडले, हे समजून घेण्यासाठी मी कर्जफेडीची माहिती जमवून असे गुण देणाऱ्या चारही कंपन्यांचे अहवाल काढले. पुढचा दीड महिना या सेवेशी माझा जो संबंध आला, त्याचा हा आढावा आहे.

आपल्याकडे खडे बाजारापासून खानापूर-निपाणीपर्यंत सगळे याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात आणि ‘सिबिल खराब झाले’ एवढ्यावर बोलणे संपते. प्रत्यक्षात अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची स्थापना २००० सालची, तर इतर तिघींना २०१० मध्ये परवाने मिळाले. २०१५ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक कर्जदात्या संस्थेला चारही कंपन्यांचे सदस्य होऊन चौघींकडे माहिती पाठवावी लागते. चौघींचा स्कोअर ३०० ते ९०० याच पट्टीवर मोजला जातो. परंतु हिशेबाचे सूत्र प्रत्येकीचे वेगळे असते आणि कोणत्या बँकेने कोणाचा अहवाल मागवायचा हे त्या बँकेवर अवलंबून असते. त्यामुळे दहा-वीस गुणांचा फरक कोणाच्याही बाबतीत पडणारच, त्यात काळजी करण्याजोगे काही नाही. माझ्या बाबतीत सूत्र नव्हे, खालची नोंदच वेगळी होती.

अहवाल मिळण्याची सोय चांगली आहे, हे आधी सांगितले पाहिजे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा स्कोअरसह संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, चारही अहवाल मला एका संध्याकाळी घरबसल्या मिळाले. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्जासाठी बँकेने केलेली चौकशी मात्र नोंदली जाते. मुखपृष्ठावरच्या आकड्याकडे पाहून बहुतेक जण अहवाल मिटवून ठेवतात, असे मला वाटते. मीही पूर्वी तसेच करत असे. खरी माहिती मात्र आतील पानांवर, प्रत्येक कर्जाखाली छापलेल्या महिन्यांच्या चौकटींत असते.

वडगावच्या घरासाठी २०१२ साली घेतलेले कर्ज मी नोव्हेंबर २०२४ मध्ये टेकओव्हर करून दुसऱ्या बँकेकडे नेले. २९ नोव्हेंबरला जुन्या बँकेने बेबाकी दाखला, म्हणजे ज्याला सगळे नो ड्यूज म्हणतात तो, शिक्क्यानिशी दिला. १२ डिसेंबरला त्याच बँकेच्या अधिकाऱ्यांनी उपनोंदणी कार्यालयात येऊन गहाण सोडवल्याच्या दस्तावर सही केली. असे असताना ६८४ गुण दाखवणाऱ्या कंपनीच्या अहवालात हे कर्ज चालूच होते. नोव्हेंबरपर्यंतच्या प्रत्येक चौकटीत ००० असे तीन शून्य, डिसेंबरच्या चौकटीत २६, जानेवारीत ५७, फेब्रुवारीत ८५, मार्चमध्ये ११६, एप्रिलमध्ये १४६ आणि मे महिन्यात १७७. हप्ता चुकल्यापासून किती दिवस झाले याचा हा आकडा असतो. शेजारी थकबाकीची रक्कम होती ६१३ रुपये.

हे ६१३ रुपये मी बुडवलेले नव्हते. कर्जाची पूर्ण रक्कम जमा झाल्यावर खाते संगणकात ‘बंद’ करायचे राहून गेले, महिनाअखेरीस यंत्रणेने तुटक दिवसांचे व्याज आपोआप खात्यावर टाकले आणि ५ डिसेंबरची देय तारीख उलटताच थकबाकीचे दिवस मोजले जाऊ लागले. चौकटीत दिवस मोजले जातात, रुपये नव्हेत. त्यामुळे ६१३ रुपयांची थकबाकी आणि सहा लाखांची थकबाकी त्या रांगेत सारखीच दिसते, आणि ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादित कर्जाच्या वर्गात जाते. लाखो रुपयांचे कर्ज वेळेवर फेडलेल्या माणसाच्या नावापुढे हा शिक्का पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग इतर दोन कंपन्यांकडे हे खाते बरोबर कसे? जुन्या बँकेच्या शाखेतील एका अनुभवी अधिकाऱ्यांनी नंतर ते शांतपणे समजावून सांगितले. चूक चौघींकडेही गेली होती. एप्रिलमध्ये बँकेने दुरुस्तीची फाईल पाठवली. दोन कंपन्यांनी ती स्वीकारली, तिसरीच्या, म्हणजे ६८४ गुण दाखवणाऱ्या कंपनीच्या, यंत्रणेने खाते क्रमांक जुळत नसल्याने ती नोंद नाकारली. मूळ कर्ज देणारी बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि माझा खाते क्रमांक बदलला होता. नाकारलेल्या नोंदी बँकेकडे परत येतात आणि त्या सुधारून पुन्हा पाठवण्याची जबाबदारी बँकेची असते. पण ते कोणी पाहिलेच नाही. विलीनीकरणाचा दुसरा परिणाम चौथ्या अहवालात दिसला. तिथे एकच गृहकर्ज दोनदा होते : एकदा विलीन झालेल्या मूळ बँकेच्या नावाने शिल्लक रकमेसह गोठलेले, एकदा नव्या क्रमांकाने बंद झालेले. त्या कंपनीचा स्कोअर ७३८ होता, कारण त्यांच्या लेखी माझ्या डोक्यावर एक जादा गृहकर्ज होते.

सीमाभागातील वाचकांनी या ठिकाणी थोडे अधिक लक्ष द्यावे, असे मी कळकळीने सुचवतो. ही नोंद कोणाची, हे कंपन्या नाव, जन्मतारीख, पॅन, दूरध्वनी क्रमांक आणि पत्ता यांवरून जुळवतात. आपल्या पॅनवर वडिलांचे नाव मधे आणि आडनाव शेवटी असते, तर कन्नडमधून लिहिल्या गेलेल्या कित्येक कागदांवर केवळ आद्याक्षर येते किंवा आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलते. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलले, म्हणून त्यापूर्वीच्या कर्जावर ‘बेळगाम’ आणि नंतरच्या आधारवर ‘बेळगावी’ आहे. त्या चौथ्या अहवालात माझे एकच घर चार पत्त्यांनी नोंदलेले सापडले. दूरध्वनी क्रमांकही २०१२ चाच होता. थकबाकीची नोंद पाठवताना ग्राहकाला संदेश पाठवण्याचे बंधन बँकांवर आहे. तो संदेश गेला असलाच, तर मी केव्हाच बंद केलेल्या क्रमांकावर गेला असणार.

आता तक्रार-सेवेविषयी. १६ जूनला मी चूक असलेल्या दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तक्रार नोंदवली. अर्ज सोपा आहे, चुकीची ओळ निवडून कारण लिहायचे आणि कागद जोडायचे. अडचण अशी की या कंपन्या स्वतःहून एकही आकडा बदलू शकत नाहीत. त्या तक्रार बँकेकडे पाठवतात आणि बँकेने होकार दिला तरच दुरुस्ती करतात. हे बंधन योग्यच आहे, अन्यथा खरी थकबाकीही कोणीही पुसून घेईल. परंतु ६८४ गुण दाखवणाऱ्या कंपनीकडील माझ्या तक्रारीवर चौदाव्या दिवशी ‘माहिती बरोबर असल्याचे बँकेने कळवले आहे’ असे एका वाक्याचे उत्तर देऊन ती बंद करण्यात आली. जोडलेला बेबाकी दाखला कोणी उघडून पाहिल्याचे चिन्ह त्या उत्तरात नव्हते. दाखला एका बाजूला आणि नोंद दुसऱ्या बाजूला असताना बँकेला पुन्हा विचारण्याची तसदी कंपनीने घ्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाखेत गेलो तेव्हा काउंटरवरील तरुण अधिकाऱ्याने ‘इल्लि आगूदिल्ल री’, म्हणजे हे इथे होणार नाही, असे सांगितले आणि परराज्यातील केंद्रीय कक्षाचा ईमेल पत्ता लिहून दिला. तो मुलगा नम्र होता, त्याच्या हातात खरोखर काही नव्हते. केंद्रीय कक्षाने पुरावा मागितला, म्हणून मी बोजा निघाल्याची नोंद असलेली घराची ईसी, म्हणजे मालमत्तेवरील बोजाचा नोंदणी कार्यालयाचा दाखला, पाठवली. ईसी कन्नडमध्ये होती. त्यांना ती वाचता येईना आणि त्यांनी प्रमाणित भाषांतर मागितले. ज्या दस्तावर त्यांच्याच अधिकाऱ्याची सही आहे, त्याचा पुरावा मी माझ्या खर्चाने भाषांतर करून त्यांनाच दिला. त्यात आठ दिवस गेले. मुलीच्या प्रवेशाची फी भरण्याची मुदत जवळ येत होती, त्या आठ दिवसांत घरातील सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता.

गाडी पुढे सरकली ती नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना, लिहिलेल्या पत्रामुळे. २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार पहिली तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. बँकेने दुरुस्त माहिती २१ दिवसांत पाठवली नसेल तर भरपाई बँकेने द्यायची, बँकेने वेळेत पाठवूनही विलंब झाला तर कंपनीने. मी पत्रात १६ जून ही तारीख, तक्रार क्रमांक आणि हा नियम एवढेच लिहिले, रागाचा एक शब्दही घातला नाही. २९ जुलैला, म्हणजे त्रेचाळिसाव्या दिवशी, खाते बंद झाल्याची नोंद आली आणि त्या सहा चौकटींतील आकडे जाऊन तिथे शून्ये आली. भरपाईचे १,३०० रुपये एका स्मरणपत्रानंतर बँकेकडून जमा झाले. दोनदा दिसणारे कर्ज दुसऱ्या कंपनीने एकोणिसाव्या दिवशीच काढून टाकले होते, आणि त्यांनी मधे दोनदा स्वतःहून प्रगती कळवली, याची नोंद मी मुद्दाम करतो. मुदतीत निकाल न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनामूल्य दाद मागता येते, १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्या योजनेत आहेत. मला तिथवर जावे लागले नाही.

गुणच द्यायचे तर अहवालाच्या सेवेला मी पाचपैकी चार देईन. आकडे स्पष्ट छापलेले असतात, मात्र प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असल्याने चार अहवाल शेजारी ठेवून ताडून पाहणे सामान्य माणसाला जड जाते. मला त्यासाठी वहीत खातेनिहाय तक्ता आखावा लागला. तक्रार-सेवेला दोन गुण, तेही दुसऱ्या कंपनीच्या तत्परतेमुळे. गृहकर्ज फेडणाऱ्या किंवा टेकओव्हर करणाऱ्या प्रत्येकाने बेबाकी दाखला, गहाण सोडवल्याचा दस्त आणि नवी ईसी हातात आल्यावर साधारण दोन महिन्यांनी चारही अहवाल काढावेत आणि स्कोअर न पाहता आधी ‘खाते बंद झाल्याची तारीख’ हा रकाना भरला आहे की नाही ते पाहावे. तो रिकामा असेल तर बँक आणि ती चूक असलेली प्रत्येक कंपनी, अशा सर्वांकडे एकाच दिवशी वेगवेगळी तक्रार करावी, कारण एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही.

ऑगस्टअखेर माझे चार स्कोअर ७७४, ७६६, ७५९ आणि ७८१ असे होते. एवढा फरक राहणार हे मी मान्य केले आहे. मुलीचे कर्ज दुसऱ्या बँकेतून मंजूर झाले आणि ती वर्गात जाऊ लागली. चौथ्या अहवालातील चार पत्त्यांपैकी दोन निघाले आहेत; ‘बेळगाम’ असलेला जुना पत्ता अजून तिथेच आहे आणि त्याबद्दलची तक्रार मी या आठवड्यात नोंदवली आहे.